जुन्या मोटारीच्या इंजिनाला नवा गिअरबॉक्स: निवड, जोडणी आणि मालकाचे हक्क

अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी विलीज जीप निगुतीने सांभाळणाऱ्या मालकांकडून एक प्रश्न सातत्याने विचारला जातो, तो असा की इंजिन मूळचेच ठेवून त्यामागे पाच गिअरांची नवी पेटी बसवता येईल काय. या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. पेटी बसेल काय, हा पहिला. आणि ती बसवल्याने मूळ तक्रार दूर होईल काय, हा दुसरा. चांगल्या टर्नरच्या हाताखाली जवळजवळ कोणतीही पेटी कोणत्याही इंजिनाला जोडता येते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी मिळते आणि दुसरा विचारायचा राहूनच जातो. निर्णय मात्र दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असल्यामुळे प्रस्तुत विवेचनाचा आरंभ तेथूनच केला आहे.

मूळ तक्रार कोणती, ते आधी निश्चित करा

गिअरबॉक्सविषयीच्या बहुतेक तक्रारी पुढीलपैकी एका प्रकारच्या असतात आणि त्यांतील शेवटचीच खऱ्या अर्थाने नव्या पेटीकडे बोट दाखवते.

- चालत्या गाडीत गिअर निसटणे किंवा पेटीतून घरघर येणे. ही झिजेची लक्षणे आहेत. बेअरिंग, सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या व थ्रस्ट वॉशर बदलल्यास मूळ पेटी पुन्हा अनेक वर्षे चालते.
- गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी पहिला गिअर टाकताना दात कडकडणे. अनेक जुन्या पेट्यांमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दोन चाकांची गती जुळवून मगच त्यांना गुंतू देणारी रचना, मुळातच नसते. अशा वेळी दोष पेटीचा नसून तिला डबल क्लचची सवय असलेला हात हवा असतो.
- स्टिअरिंगजवळचा दांडा सैल असणे व गिअर न सापडणे. ज्याला गॅरेजमध्ये ‘हँड गिअर’ म्हणतात त्या रचनेत दांड्यापासून पेटीपर्यंत अनेक सांधे व बुश असतात. ते बदलून दांड्यांची लांबी नीट जुळवली की ही तक्रार बहुधा संपते.
- महामार्गावर ताशी ऐंशी किलोमीटर वेगाला इंजिन आक्रंदत असल्यासारखे वाटणे. ही तक्रार गिअर-प्रमाणाची आहे.

गिअर-प्रमाण म्हणजे पेटीबाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला किती फेरे मारावे लागतात तो आकडा. यापुढे मागच्या आसातील क्राउन-पिनियनचे प्रमाण येते आणि त्यास अंतिम प्रमाण म्हणतात. समजा, एखाद्या मोटारीचे अंतिम प्रमाण ४.५५ आहे आणि तिचे चाक एका फेऱ्यात २.०५ मीटर अंतर कापते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेते आणि चौथा गिअर थेट, म्हणजे १.०० प्रमाणाचा असल्याने इंजिन सुमारे २,९६० फेऱ्यांवर चालते. पाचवा गिअर ०.८२ प्रमाणाचा असेल तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे २,४३० पर्यंत उतरतात. वाचकांनी आपल्या गाडीचे अंतिम प्रमाण आणि चाकाचा परीघ मोजून हा हिशेब खरेदीपूर्वीच मांडावा. परीघ मोजण्यासाठी टायरवर खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरा ढकलली तरी पुरते.

येथे पर्याय म्हणून कमी अंतिम प्रमाणाचा क्राउन-पिनियन सुचवला जातो. तो स्वस्त असू शकतो, परंतु त्याचा परिणाम एकट्या वरच्या गिअरवर न होता सर्वच गिअरांवर होतो. पहिला गिअरही ‘उंच’ होतो आणि खंबाटकी किंवा कसारा घाटात भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लच जळू लागतो. ज्यांचा प्रवास सपाटीवरचा आहे त्यांनी या पर्यायाचा विचार जरूर करावा; सह्याद्री ओलांडणे ज्यांच्या नेहमीच्या प्रवासात आहे त्यांना पाचव्या गिअरची पेटीच अधिक सोयीची.

पाचव्या गिअरपेक्षा पहिल्या दोन गिअरांकडे अधिक लक्ष द्या

पेटी निवडताना सर्वांची नजर पाचव्या गिअरवर असते, आणि मोठी चूक येथेच घडते. याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तेथे बी.एम.सी.च्या ‘बी’ मालिकेतील इंजिने असलेल्या एमजीए व एमजीबी मोटारींना फोर्ड सिएरा मोटारीतील ‘टाइप ९’ ही पाच गिअरांची पेटी जोडण्याचा प्रघात चांगलाच रुळलेला आहे. अ‍ॅम्बॅसडरचे जुने १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन याच ‘बी’ मालिकेतील असल्यामुळे तो अनुभव महाराष्ट्रातील मालकांनाही उपयोगी आहे.

एमजीबीच्या सुरुवातीच्या पेटीत पहिला गिअर ३.६४, दुसरा २.२१ आणि तिसरा १.३७ प्रमाणाचा होता. चार सिलिंडरच्या सिएरातील टाइप ९ पेटीत हेच आकडे ३.६५, १.९७ आणि १.३७ असे असून पाचवा गिअर ०.८२ आहे. पहिला व तिसरा जवळजवळ सारखाच आहे. फरक दुसऱ्या गिअरचा आहे. मूळ पेटीत पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाचे फेरे सुमारे ६१ टक्क्यांवर उतरतात, तर टाइप ९ मध्ये ते ५४ टक्क्यांवर येतात. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, परंतु घाटाच्या अवघड वळणानंतर दुसरा गिअर टाकताच इंजिन दबते आणि चालकाला पुन्हा पहिल्यावर यावे लागते. नव्या पेटीचे सर्व पाचही आकडे मिळाल्याशिवाय तिचे पैसे देऊ नयेत, असे आग्रहाने सांगण्याचे कारण हेच.

पाचव्या गिअरच्या बाबतीतही ‘जितका उंच तितका चांगला’ हा समज चुकीचा आहे. फोर्ड मस्टँगमध्ये वापरल्या गेलेल्या बोर्ग-वॉर्नर टी-५ पेटीच्या एका प्रचलित आवृत्तीत पाचवा गिअर ०.६८ प्रमाणाचा आहे, कारण तिच्यापुढे पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन असे. वरच्याच हिशेबात ०.६८ घातल्यास ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे २,०१० फेऱ्यांवर येते आणि दीड लिटरच्या जुन्या इंजिनाला तेथे हलका चढही ओढवत नाही. अशा इंजिनासाठी ०.८० ते ०.८५ च्या दरम्यानचा पाचवा गिअर योग्य ठरतो. त्या काळच्या ब्रिटिश मोटारींवर मिळणाऱ्या लेकॉक ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे पेटीमागे जोडलेल्या जादा गिअरचे, प्रमाणही ०.८ च्या आसपासच होते. अभियंत्यांनी तो आकडा विचारपूर्वक निवडला होता.

कोणती पेटी शोधावी

आजच्या बहुसंख्य मोटारी पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांच्या पेटीतच डिफरन्शियल सामावलेले असते. उभ्या बसवलेल्या इंजिनाच्या व मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीला त्या पेट्या निरुपयोगी आहेत, मग त्या कितीही स्वस्तात मिळोत. शोध मागच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनांपुरता मर्यादित ठेवावा. अ‍ॅम्बॅसडरच्या मालकांनी प्रथम इसुझूच्या १.८ लिटर इंजिनासह आलेल्या नंतरच्या अ‍ॅम्बॅसडरमधील पाच गिअरांची पेटी पाहावी, कारण ती त्याच शरीरात बसवण्यासाठी घडवली होती. मारुती जिप्सीच्या पेटीचाही विचार केला जातो, कारण त्या वाहनात मुख्य पेटी आणि चारही चाकांना शक्ती वाटणारी ट्रान्सफर केस या दोन वेगळ्या वस्तू असून एका आखूड शाफ्टने जोडलेल्या असतात आणि म्हणून मुख्य पेटी सुटी वापरता येते.

विक्रेत्याकडे जाताना टेप, व्हर्नियर कॅलिपर व वही बरोबर न्यावी आणि पुढील मापे स्वतः घ्यावीत:

- पेटीच्या पुढच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी;
- इनपुट शाफ्टची लांबी, त्याच्या टोकाचा व्यास आणि स्प्लाइनची, म्हणजे क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या खाचांची, संख्या व व्यास;
- गिअरचा दांडा बाहेर येण्याची जागा;
- मागच्या रबरी माउंटिंगची जागा;
- स्पीडोमीटरची केबल निघते की विद्युत संवेदक आहे, ते.

कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खरेदी करताना विक्रेत्याचे नाव, पत्ता व पेटीवरील क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालील गुन्हा आहे, आणि अशा प्रसंगी पावती हाच खरेदीदाराच्या प्रामाणिकपणाचा पहिला पुरावा ठरतो.

गाडी कापायची की पेटी बदलायची

अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीरच सर्व भार पेलते. अशा रचनेत मधला बोगदा, म्हणजे पेटीवरचा उंचवटा, कापून मोठा केला तर फक्त जागा वाढत नाही, तर भार वाहणारा भाग दुबळा होतो आणि काही वर्षांनी दारे नीट बसेनाशी होतात. जमिनीवरच्या दांड्यासाठी लहान गोल छिद्र पाडून त्याभोवती जाड पट्टी बसवणे हा एक भाग झाला आणि बोगदा हातभर उघडणे हा वेगळा. दुसऱ्याची गरज पडत असेल तर ती पेटी त्या गाडीसाठी नाही असे समजावे.

विलीज व तिच्यापासून निघालेल्या जीपगाड्यांमध्ये चासी वेगळी असल्याने ही अडचण नाही, परंतु तेथे ट्रान्सफर केस थेट पेटीच्या पाठीशी जोडलेली असते. पेटीची लांबी बदलली की पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट बदलावे लागतात. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रमही ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो भाग बदलणाऱ्याने हँडब्रेकची पर्यायी व्यवस्था आधी केली पाहिजे, मगच पेटी काढावी.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत असे तत्त्व आहे की आवश्यक बदल मूळ रचनेत कमीतकमी ढवळाढवळ करणारे व पूर्ववत करता येण्याजोगे असावेत. हे तत्त्व येथे निकष म्हणून वापरावे. इंजिनाच्या ब्लॉकला नवे छिद्र नको, मूळ फ्लायव्हीलची काटछाट नको, मूळ क्रॉसमेंबर कापायला नको. जे बदलायचे ते नव्या, सुट्या भागांत बदलावे.

जोडणीचे टप्पे

१. बेल हाउसिंग किंवा अडॅप्टर प्लेट. इंजिन व पेटी यांच्यामधील घंटेच्या आकाराचे आवरण म्हणजे बेल हाउसिंग. काही जुन्या पेट्यांमध्ये ते पेटीच्या अंगचेच असते. अशा वेळी इंजिनाच्या बाजूने जुने व पेटीच्या बाजूने नवे माप असलेले स्वतंत्र आवरण लागते. जेथे दोन्ही आवरणे सुटी आहेत तेथे मध्ये धातूची जाड पट्टी, म्हणजे अडॅप्टर प्लेट, चालते. मात्र तिच्या जाडीइतका इनपुट शाफ्ट मागे सरकतो हे विसरू नये.

२. समकेंद्रितता. संपूर्ण कामाचे यश या एका टप्प्यावर अवलंबून असूनही गॅरेजमध्ये तो सर्रास वगळला जातो. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि पेटीच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत आले पाहिजेत. बोल्ट फक्त आवळण्याचे काम करतात; नेमकी जागा ठरवतात त्या डॉवेल, म्हणजे छिद्रात घट्ट बसणाऱ्या पिना. बोल्टच्या छिद्रांवर विसंबून बसवलेली पेटी दिसायला बसते, फिरतेही, परंतु काही हजार किलोमीटरांत क्लच प्लेटचा मध्यभाग सैल होतो, पुढचे बेअरिंग आवाज करू लागते आणि वरचा गिअर आपोआप निसटू लागतो. मग दोष पेटीला दिला जातो. हे टाळण्यासाठी स्पार्क प्लग काढून, फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने डायल गेज लावावा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या छिद्राच्या कडेवर टेकवावी आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण फिरवावी. सुईची एकूण हालचाल ०.१३ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या, आत असावी. सुई ०.४० मिलिमीटर हलली तर मध्य त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.२० मिलिमीटरने, सरकला आहे असा अर्थ होतो. अशा वेळी मध्य सरकवणाऱ्या विशेष डॉवेल वापराव्यात किंवा छिद्र पुन्हा यंत्रावर घ्यावे. पेटी ज्यावर टेकते तो पृष्ठभाग तिरका नाही ना, हेही त्याच गेजने पाहावे. हे मोजमाप आपल्यासमोर करण्याचा आग्रह मालकाने धरावा आणि आकडा लिहून घ्यावा.

३. पायलट बुश. इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या छिद्रातील बुशमध्ये फिरते. जुन्या छिद्राला बाहेरून व नव्या टोकाला आतून जुळणारा बुश घडवावा लागतो. ‘बी’ मालिकेतील तीन मेन बेअरिंगच्या व पाच मेन बेअरिंगच्या इंजिनांत हे माप वेगळे आहे, तेव्हा परदेशातून तयार संच मागवताना इंजिनाचा प्रकार स्पष्ट कळवावा. अ‍ॅम्बॅसडरचे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन तीन मेन बेअरिंगचे आहे.

४. क्लच. बाहेरचा व्यास जुन्या प्रेशर प्लेटचा आणि मधल्या स्प्लाइन नव्या पेटीच्या, अशी प्लेट हवी. दुसऱ्या वाहनाची तयार प्लेट मिळत असेल तर ती घ्यावी. दोन प्लेट कापून जोडलेली कधीही घेऊ नये. रिलीज बेअरिंगची चाल पुरेशी आहे की नाही हे पेटी बसवल्यावर तपासावे: इंजिन चालू असताना पेडल पूर्ण दाबून क्षणभर थांबल्यावर रिव्हर्स गिअर आवाज न करता पडला पाहिजे.

५. प्रॉपेलर शाफ्ट. नवी लांबी गाडी चाकांवर उभी असताना मोजावी, जॅकवर नव्हे, कारण मागचा आस लोंबकळला की माप बदलते. सरकत्या योकला पुढे जाण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर मोकळीक ठेवावी. पुढच्या व मागच्या क्रॉसचे कोन परस्परांइतके व विरुद्ध दिशेचे असावेत आणि शक्यतो तीन अंशांच्या आत राहावेत. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत वेल्ड झाले पाहिजेत. ते चुकले तर कितीही बॅलन्सिंग केले तरी थरथर जात नाही.

६. किरकोळ वाटणारे, पण न टाळता येणारे. मागचे माउंटिंग, सायलेन्सरच्या नळीला जागा, रिव्हर्स दिव्याचा स्विच, हँडब्रेकची केबल आणि स्पीडोमीटर. शेवटच्याची खातरजमा मोबाइलवरील उपग्रहाधारित वेगाशी पडताळून करता येते.

तेलाच्या बाबतीत पेटीच्या उत्पादकाचा निर्देश पाळावा, जुन्या पेटीत काय भरत असत ते नव्हे. काही पेट्यांना स्वयंचलित गिअरचे पातळ तेल लागते, काहींना घट्ट गिअर तेल. पितळी सिंक्रो-कड्या असलेल्या पेटीत जीएल-४ दर्जाऐवजी डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ तेल भरल्यास त्यातील गंधकयुक्त घटक पितळेस अपाय करू शकतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, घनक्षमता, शरीराचा प्रकार, इंधन, रंग असे तपशील असतात. गिअरबॉक्सची नोंद नसते. यावरून पेटीचा बदल पूर्णपणे मोकळा आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमात सुटे भाग बदलून केलेल्या, अधिनियमाने परवानगी नसलेल्या बदलांचाही उल्लेख असून त्यासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयाला बदलाचे वर्णन व आराखडा जोडून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर बदल उघड झाला तर दाव्यात अडचण येऊ शकते.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या मालकांनी अधिक सावध राहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले दुचाकी वा चारचाकी खासगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांच्या मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये व मुदत दहा वर्षे आहे. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गिअरबॉक्सचे नाव या अटीत नाही, परंतु बोगदा कापला तर तो शरीरातील फेरफार ठरू शकतो. शिवाय या मालिकेतील वाहन नित्याच्या प्रवासासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच त्याचा वापर करता येतो. ज्यांना ही नोंदणी घ्यायची आहे त्यांना महामार्गासाठी पाचव्या गिअरची गरजच फारशी उरत नाही, आणि त्यांनी मूळ पेटीच दुरुस्त करावी हे स्पष्ट मत येथे नोंदवले पाहिजे.

वर्कशॉपशी व्यवहार आणि आपले हक्क

काम देण्यापूर्वी कागदावर पुढील गोष्टी असाव्यात: दिलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, करावयाच्या कामांची यादी, अंदाजित खर्च व मुदत, समकेंद्रिततेची मान्य मर्यादा आणि काढलेले सर्व मूळ भाग परत करण्याचे बंधन. शेवटची अट फार महत्त्वाची आहे, कारण ‘भंगार’ समजून मूळ पेटी विकली जाण्याचे प्रकार घडतात आणि ती पुन्हा मिळत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार ताब्यात दिलेल्या वस्तूची सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी वर्कशॉपने घेतली पाहिजे. त्याच अधिनियमाच्या कलम १७० नुसार, उलट करार नसल्यास, वस्तूवर केलेल्या कौशल्याच्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क वर्कशॉपलाही आहे. म्हणून वाद झाला तर गाडी बळजबरीने उचलून आणण्याऐवजी निषेध नोंदवून रक्कम द्यावी, गाडी ताब्यात घ्यावी आणि सदोष सेवेची तक्रार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली करावी. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, ती आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. डायल गेजचा लिहून घेतलेला आकडा आणि तारखेसह छायाचित्रे अशा वेळी कोणत्याही तोंडी साक्षीपेक्षा उपयोगी पडतात.

पहिले काही शे किलोमीटर आणि जुनी पेटी

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बेल हाउसिंग, माउंटिंग व प्रॉपेलर शाफ्टचे सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर काही शे किलोमीटरांनी पेटीतील तेल बदलावे. काढलेल्या तेलात पितळेची चमक किंचित असणे स्वाभाविक आहे. पोलादाचे कण दिसल्यास गाडी थांबवून पेटी उघडावी.

मूळ पेटी साफ करून, आत तेल फिरवून, इनपुट शाफ्ट व मागचे तोंड झाकून कोरड्या जागी ठेवावी. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यापूर्वी तिचा शाफ्ट काही फेरे फिरवून आतील चाकांवर तेलाचा थर पुन्हा चढवावा. तिच्यासोबत मूळ क्लच प्लेट, पायलट बुश, दांड्यांचे सांधे, प्रॉपेलर शाफ्ट आणि काढलेले बोल्ट एकाच पेटाऱ्यात, चिठ्ठ्या लावून ठेवावेत आणि गाडी विकताना ते सर्व नव्या मालकाच्या हवाली करून विक्रीच्या कागदात तशी नोंद करावी.